विमानाचं हवामान वाचायचं कसं? मेटार, टॅफ आणि नकाशांविषयी गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैमानिक परवान्याच्या परीक्षेत हवामानशास्त्राचा वेगळा पेपर असतो आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. त्या पेपरसाठी म्हापशात माझ्याकडे येणारी मुलं दर वर्षी तेच तेच प्रश्न विचारतात. हल्ली मोपा विमानतळामुळे पेडण्यातले हौशी लोकही विचारू लागलेत, म्हणून सगळी उत्तरं एकदा लिहून काढली. खरे अहवाल रोमन अक्षरांत येतात. इथे मी ती अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. दिसायला विचित्र वाटेल, पण मोठ्याने वाचलंत की कानाला ओळखीचं लागेल.

मेटार म्हणजे काय?

विमानतळावर प्रत्यक्ष केलेल्या निरीक्षणाचा अहवाल. अंदाज नव्हे. आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवर तो दर अर्ध्या तासाने निघतो. मधेच हवा एकदम बिघडली किंवा सुधारली तर पुढच्या अर्ध्या तासाची वाट न बघता विशेष अहवाल निघतो, त्याला ‘स्पेसी’ म्हणतात. मेटार म्हणजे फोटो, एवढं लक्षात ठेवा. फोटो कुठे काढला आणि किती वाजता काढला, हे आधी बघायचं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या दहातल्या आठ चुका याच दोन गोष्टींत असतात.

एक मेटार फोडून दाखवाल का?

हा नमुना मी स्वतः तयार केलाय, पण जुलैत दाबोळीला असाच दिसू शकतो:

मेटार व्हीओजीओ १५०३००झेड २४०१२केटी ३००० आरए एससीटी००८ एफईडब्ल्यू०२५सीबी ओव्हीसी०८० २६/२५ क्यू१००६ टेम्पो १५०० +आरए

व्हीओजीओ म्हणजे दाबोळी. मोपाचा संकेत व्हीओजीए. एका अक्षराचा फरक आहे, आणि घाईत चुकीच्या विमानतळाचा अहवाल वाचणारे मी पाहिलेत. १५०३००झेड म्हणजे १५ तारीख, ३ वाजून ० मिनिटं, जागतिक वेळ. २४०१२केटी म्हणजे वारा २४० अंशांकडून १२ नॉट, ताशी साधारण २२ किलोमीटर. ३००० ही मीटरमधली दृश्यमानता. आरए म्हणजे पाऊस. आधी उणे चिन्ह असेल तर हलका, अधिक असेल तर जोराचा, काहीच नसेल तर मध्यम. त्यापुढे ढग: ८०० फुटांवर विखुरलेले, २,५०० फुटांवर थोडे पण ते सीबी, म्हणजे क्युम्युलोनिंबस, गडगडाटी ढग, आणि ८,००० फुटांवर पूर्ण आच्छादन. तापमान २६, दवबिंदू २५. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला हवेचा दाब, १००६ हेक्टोपास्कल. शेवटचा तुकडा पुढच्या दोन तासांचा कल सांगतो: अधूनमधून जोराचा पाऊस, दृश्यमानता १,५०० मीटर. बदलाची शक्यता नसेल तर तिथे ‘नोसिग’ असतं.

‘९९९९’ दिसलं की दृश्यमानता १० किलोमीटर किंवा जास्त. ‘कॅव्होक’, म्हणजे लांबपर्यंत स्वच्छ दिसतंय आणि त्रास देणारा ढग किंवा पाऊस नाही, दिसलं तर आनंदच. गोव्यात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारी तो शब्द भेटतो, जुलैत नाव घेऊ नका.

ही झेड वेळ आमच्या डोक्यात बसत नाही. काही युक्ती?

साडेपाच तास मिळवा, दुसरी युक्ती नाही. वरचा ०३००झेड म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. खरा घोळ रात्री होतो. १५२०३०झेड म्हणजे आपल्याकडे १६ तारीख, पहाटेचे दोन. तारीखसुद्धा बदलते.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. अंदाजात १२०० वाजता गडगडाट होता. मी तो दुपारी बाराचा धरला. चार तासांत सगळं मोकळं होईल असा हिशेब करून साडेचारच्या उड्डाणाचा आराखडा ऐटीत पुढे ठेवला. शिकवणाऱ्या सरांनी कागदावर बोट ठेवून एवढंच विचारलं, “ही वेळ कोणाची रे?” बारा झेड म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. परत येताना मी बरोबर त्या ढगात शिरलो असतो. तेव्हापासून मी कागदावर आधी आपली वेळ पेन्सिलने लिहितो, मग बाकीचं वाचतो. तीस वर्षं उडवलेली माणसंही हे करतात, लाज वाटायचं कारण नाही.

वाऱ्याचे अंश म्हणजे वारा जातो ती दिशा की येतो ती?

येतो ती. २४० म्हणजे नैऋत्येकडून. आपण ‘पश्चिमेचा वारा’ म्हणतो ते याच अर्थाने, त्यामुळे मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं.

दाबोळीची धावपट्टी ०८/२६ आहे, म्हणजे एक टोक साधारण ८० अंशांकडे आणि दुसरं २६० अंशांकडे तोंड करून. २४० चा वारा २६ नंबरच्या धावपट्टीला जवळजवळ समोरून येतो, फक्त २० अंशांचा कोन. १२ नॉटपैकी आडवा वारा जेमतेम ४ नॉट. तोच वारा ३२० अंशांकडून २० नॉट असता तर कोन ६० चा आणि आडवा वारा १७ नॉटच्या आसपास. ढोबळ हिशेब असा: ३० अंशांना निम्मा, ४५ ला पाऊण, ६० च्या पुढे जवळपास सगळा. छोट्या प्रशिक्षण विमानाला १७ नॉट आडवा वारा म्हणजे घरी बसून चहा प्यायचा दिवस.

मेटारमधली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते आणि टॉवर रेडिओवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून. गोव्यात फरक एखाद अंशाचा, म्हणून इथे कोणाला जाणवत नाही. परीक्षेत मात्र हमखास विचारतात.

वाऱ्याच्या आकड्यानंतर ‘जी’ असेल तर झोत आहेत: २५०१५जी२८केटी म्हणजे सरासरी १५, झोत २८ पर्यंत. सरासरी दहा मिनिटांची असते. हिवाळ्यात गोव्यात सकाळी जमिनीकडून, पूर्वेचा मंद वारा असतो आणि दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा सुरू होतो. सकाळी सातचा मेटार बघून दुपारी दोनची धावपट्टी ठरवू नका.

दृश्यमानता ३,००० मीटर असेल तर विमानातून तीन किलोमीटर दिसेल?

नाही. तो आकडा जमिनीवरून, आडवं बघून काढलेला, आणि क्षितिजाच्या किमान अर्ध्या वर्तुळात लागू असलेला. उरलेल्या अर्ध्यात वास्कोच्या बाजूने सर येत असेल तर तिकडे ८०० मीटरही असू शकतात. तुम्ही उतरताना तिरकं, पाऊस माखलेल्या काचेतून बघणार. दृश्यमानता १,५०० मीटरच्या खाली गेली की धावपट्टीवरची दृश्यता, म्हणजे आरव्हीआर, वेगळी देतात. वैमानिकाला खरा तोच आकडा हवा असतो. पहिल्या श्रेणीच्या आयएलएस (रेडिओ संकेतांवर विमान धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा) उतरणीला तो ५५० मीटरच्या खाली चालत नाही आणि निर्णयाची उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर जायचं ती, २०० फुटांखाली आणता येत नाही.

धुकं आणि विरळ धुकं यातला फरक कडक आहे: १,००० मीटरच्या खाली गेलं तरच ‘एफजी’, त्याच्या वर ५,००० पर्यंत ‘बीआर’.

ढगांची उंची कुठून मोजलेली असते? आणि दाबोळी-मोपात फरक का पडतो?

या प्रश्नावर मला थोडं थांबायचंय, कारण गोव्यात याला फार अर्थ आहे.

उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात, समुद्रसपाटीपासून नाही. आकड्यापुढे दोन शून्यं लावायची: ००८ म्हणजे ८०० फूट. आकाशाचे आठ भाग धरतात. एक-दोन भाग झाकले तर ‘फ्यू’, तीन-चार ‘स्कॅटर्ड’, पाच ते सात ‘ब्रोकन’, आठही ‘ओव्हरकास्ट’. अर्ध्याहून जास्त आकाश झाकणारा सगळ्यात खालचा थर म्हणजे ‘सीलिंग’, विमानाच्या भाषेतलं छत.

आता वरचा नमुना परत बघा. छत किती? मुलं ८०० म्हणतात. नियमाने उत्तर ८,००० फूट, कारण ८०० चा थर स्कॅटर्ड आहे. पेपरात ८,००० लिहा आणि गुण घ्या. पण पावसाळ्यात आकाशाचे ते चार भाग नेमके तुमच्या उतरणीच्या वाटेवर असले तर तुमच्यासाठी छत ८०० फुटांवरच आहे. नियम सरासरीचा असतो, विमान एकाच ठिकाणी असतं.

आणि आता दोन विमानतळ. दाबोळी समुद्रसपाटीपासून साधारण ५५ मीटर, म्हणजे १८० फुटांवर. मोपा सड्यावर आहे, १५० मीटरहून उंच, म्हणजे ५०० फुटांच्या वर. समजा समुद्रावरून सरळ पट्ट्यात ढग आलेत आणि त्यांचा तळ समुद्रापासून १,००० फुटांवर आहे. दाबोळीच्या मेटारमध्ये ते ८०० फूट दिसतील, मोपाच्या मेटारमध्ये जेमतेम ५००. ढग तोच आहे, फक्त मोपात जमीन उंच झाली. पेडण्यातल्या लोकांना हे शिकवायला लागत नाही. आषाढात सड्यावर ढग टेकलेला त्यांनी लहानपणापासून पाहिलाय.

तापमान आणि दवबिंदू जवळ आले की काय होतं?

हवा ओलाव्याने भरलेली आहे आणि थोडी गार झाली की तिचा ढग किंवा धुकं होईल. फरकाचा प्रत्येक अंश म्हणजे ढगाचा तळ अंदाजे ४०० फूट वर. पावसाळ्यात २६/२५ रोजचंच, त्यात नवल नाही. पण जानेवारीत पहाटे, वारा पडलेला, आकाश निरभ्र आणि १९/१९ दिसलं तर धुक्याची तयारी ठेवा. सूर्य वर आला की बहुधा विरतं. इंधनाचा हिशेब करताना त्या ‘बहुधा’वर अवलंबून राहू नका.

उन्हाळ्यातली दुसरी बाजू कमी लोक बघतात. दाबोळीला मे महिन्यात ३३ अंश आणि क्यूएनएच १००८ असेल तर हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण अडीच हजार फुटांवरच्या विमानतळावरून उडतोय असं वाटतं. समुद्रकाठ आहे म्हणून निर्धास्त राहून वजन भरू नका.

क्यूएनएच चुकलं तर?

उंचीमापक खोटं सांगेल. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट. १००६ ऐवजी १०१३ लावलंत तर यंत्र दाखवेल त्यापेक्षा तुम्ही सुमारे २०० फूट खाली आहात.

टॅफ आणि मेटारमध्ये फरक काय?

टॅफ हा विमानतळाचा अंदाज. लहान मुदतीचा दर तीन तासांनी, १२ ते ३० तासांचा दर सहा तासांनी नवा निघतो. त्यात १५०६/१६१२ असं दिसलं की मुलं ‘तीन वाजून सहा मिनिटं’ वगैरे काहीतरी वाचतात. ते आहे १५ तारखेचे ६ झेड ते १६ तारखेचे १२ झेड. आपल्या घड्याळात पंधराला सकाळी साडेअकरा ते सोळाला संध्याकाळी साडेपाच.

खरी मजा बदलाच्या शब्दांत आहे. ‘बीईसीएमजी’ म्हणजे त्या वेळेत हवा बदलून नव्या स्थितीत स्थिरावेल. ‘टेम्पो’ म्हणजे येऊन जाऊन: प्रत्येक वेळी एका तासापेक्षा कमी आणि एकूण दिलेल्या काळाच्या निम्म्याहून कमी. टेम्पो १५०६/१५१० असेल तर साडेअकरा ते साडेतीनमध्ये सगळं मिळून दोन तासांपेक्षा कमी वेळ जोराचा पाऊस. आपल्या भाषेत सरीवर सर, मधे उघडीप. ‘प्रॉब३०’, ‘प्रॉब४०’ ही शक्यता. प्रॉब५० कधीच दिसणार नाही. शक्यता तेवढी झाली की अंदाजकर्त्याने ती गोष्ट सरळ लिहायची असते.

माझं मत विचाराल तर पावसाळ्यात टेम्पोलाच मुख्य अंदाज धरा. तुमची उतरायची वेळ त्या चार तासांत येत असेल तर विमान सरीत सापडणार असं समजून इंधन घ्या. उघडीप मिळाली तर बोनस.

दाबोळी आणि मोपा एकमेकांना पर्यायी विमानतळ म्हणून चालतात ना?

कागदावर आकर्षक वाटतं. दोघांमध्ये सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास अंतर, इंधन जवळपास नाहीच लागत. एका ठिकाणी धावपट्टी बंद असेल तर दुसरं उत्तम. पण कारण हवामान असेल तर जरा थांबा. मान्सूनचा एक पट्टा समुद्रावरून आला की वास्कोपासून पेडण्यापर्यंत सगळं एकदम झाकतो. ज्या कारणाने एक बंद, त्याच कारणाने दुसरा.

मग बेळगाव? घाटापलीकडे आहे, पण साडेसातशे मीटर उंचीवर, आणि चोर्ला घाटातून पावसाळ्यात गाडीने गेलेल्या कुणालाही विचारा, सह्याद्रीच्या माथ्यावर ढग कसे बसून राहतात ते. वाईट पर्याय आहे असं नाही. त्याचा टॅफ वेगळा वाचा, गोव्यावरून अंदाज बांधू नका. पर्यायी विमानतळ वेगळ्या हवेत असावा. म्हणून पावसाळ्यात बरेचदा हैदराबाद किंवा बेंगळुरूसारखी सह्याद्रीपलीकडची लांबची ठिकाणं शोधावी लागतात. इंधन जास्त जातं, झोप शांत लागते.

सिग्मेट कधी निघतं आणि गोव्याला कोणाचं लागू?

उडणाऱ्या विमानाला धोका असेल असं काही हवाई क्षेत्रात घडत असेल किंवा अपेक्षित असेल तेव्हा: लपलेले गडगडाटी ढग, तीव्र हलकावे, तीव्र बर्फ साचणं, चक्रीवादळ, ज्वालामुखीची राख. मुदत साधारण चार तासांपर्यंत, वादळ आणि राखेसाठी सहा. आपल्याकडे ही सूचना काढणारी चार केंद्रं आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. गोवा मुंबईच्या क्षेत्रात येतो. ते क्षेत्र गुजरातपासून अरबी समुद्रात लांबवर पसरलंय, त्यामुळे ‘मुंबई सिग्मेट’ वाचून घाबरण्याआधी अक्षांश-रेखांश नकाशावर मांडा. गोवा साधारण १५ ते १६ उत्तर, ७४ पूर्वेवर.

त्यात ‘टॉप एफएल४८०’ दिसलं तर ढगाचं डोकं ४८,००० फुटांवर आहे. प्रवासी विमानं ३५ ते ४० हजारांवर उडतात. वरून जायचा विचार सोडा, वळसा घाला.

सिगवेदर, म्हणजे महत्त्वाच्या हवामानाच्या, नकाशावरच्या नागमोडी कडा कसल्या?

गोधडीच्या कडेसारखी अर्धगोलांची रेष दिसते ना, तिच्या आत सीबी ढगांचा प्रदेश. शेजारी ‘आयसोल’ असेल तर विरळ, ‘ओसीएनएल’ असेल तर निम्म्या ते पाऊण भागात, ‘एफआरक्यू’ म्हणजे जवळपास सलग. ‘ईएमबीडी’ सगळ्यात वाईट: इतर ढगांत लपलेले, डोळ्यांना दिसत नाहीत. ‘५००/एक्सएक्सएक्स’ म्हणजे वरचं टोक ५०,००० फुटांवर आणि तळ नकाशाच्या मर्यादेखाली.

हे जागतिक नकाशे लंडन आणि वॉशिंग्टनच्या दोन केंद्रांतून येतात आणि ठरावीक वेळेचे असतात: ००, ०६, १२, १८ झेड. उच्च पातळीचा नकाशा २५,००० फुटांपासून सुरू होतो. सेसनासारख्या छोट्या विमानातल्या मुलाने तो कोरा बघून ‘हवा साफ’ म्हटलं तर त्याने वरच्या मजल्याची खोली बघून तळघर कोरडं ठरवलं. मोठा दाट बाण म्हणजे जेट प्रवाह, वेगाने वाहणारा वाऱ्याचा अरुंद पट्टा, ८० नॉटच्या वरचा.

वाऱ्याच्या नकाशावरच्या काड्या आणि झेंडे?

काडीवर आडवी पूर्ण रेघ १० नॉट, अर्धी ५, त्रिकोणी झेंडा ५०. रेघा लावलेलं टोक वारा जिकडून येतो तिकडे. आकडा तापमानाचा, आणि आधी ‘पीएस’ नसेल तर तो उणे धरायचा.

एकदा जुलैतला ५,००० फुटांचा आणि ४५,००० फुटांचा नकाशा शेजारी ठेवून बघा. खाली सोमाली जेटचा जोरदार पश्चिम वारा, वर दक्षिण भारतावर पूर्वेचा जेट. एकाच जागी, एकाच वेळी उलट दिशा. वर्गात मान्सून शिकवायला मला याहून चांगलं चित्र सापडलेलं नाही.

मोबाइलवर रडार दिसतं. मग हे सगळं कशाला?

रडार अवश्य बघा. पणजीच्या आल्तिनोवर हवामान खात्याचं डॉपलर रडार आहे आणि एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत ते सोन्यासारखं. दुपारी सत्तरीच्या वर, घाटमाथ्यावर ढग फुगतात आणि संध्याकाळी खाली किनाऱ्याकडे सरकतात. चार-पाच चित्रं पाठोपाठ बघितली की वेग कळतो. पण रडार पावसाचे थेंब बघतं, ढगाची उंची, धुकं किंवा धावपट्टीवरचा वारा सांगत नाही. डोंगराआडचा खालचा पाऊस त्याला दिसत नाही. उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात पांढरं म्हणजे थंड, आणि उंच पातळ ढगही थंडच असतो. त्याच्याखाली पाऊस असेलच असं नाही. चित्राखालची वेळ बघितली का? मुलं अर्धा तास जुनं चित्र ‘आत्ताचं’ म्हणून दाखवतात.

चक्रीवादळाच्या वेळी आधी काय बघायचं?

दिल्लीच्या केंद्राची चक्रीवादळ सूचना, मग मुंबईचं सिग्मेट, मग टॅफ. सरासरी वारा ३४ नॉट झाला की ‘चक्रीवादळ’. त्याखाली नुसता कमी दाबाचा पट्टा असला तरी गडगडाट होतोच. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे सरकलं. केंद्र समुद्रात होतं, तरी किनाऱ्यावर झाडं आणि विजेचे खांब पडले. नकाशावरची रेघ केंद्राची वाट दाखवते, वाऱ्याची रुंदी नाही.

आकाश निळंशार आहे, मोपावर ऊन पडलंय, तरी आमचं विमान तीन तास उशिरा. असं का?

विमान कुठून येतंय ते बघा आणि तिथला मेटार वाचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिल्लीचा ‘एफजी’ आणि आरव्हीआर दोन-तीनशे मीटरवर आला असेल, तर तुमचं विमान अजून तिथेच उभं आहे. वेळ वाचताना साडेपाच तास मिळवायला विसरू नका.